पीसीओएसच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेताना: कोणती कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबायचं

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बोलीभाषेत पीसीओडी) मुळापासून बरा करणारी एकही गोळी आज उपलब्ध नाही. ज्या मिळतात त्या एकेका त्रासावर काम करतात. एक पाळी वेळेवर आणते, दुसरी चेहऱ्यावरचे केस आटोक्यात ठेवते, तिसरी इन्सुलिनला साथ देते, चौथी दिवस राहावेत म्हणून स्त्रीबीज बाहेर पडायला मदत करते. घरात मात्र या सगळ्यांना मिळून ‘पीसीओडीच्या गोळ्या’ म्हटलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सहा महिने गोळ्या घेतल्या, बंद केल्या, पाळी पुन्हा चुकली, म्हणजे औषध लागू पडलं नाही, असा निष्कर्ष काढून मुली डॉक्टर बदलतात. खरं तर औषध लागू पडलेलं असतं. ते घेणं थांबलं म्हणून त्याचा परिणामही थांबला, इतकंच.

म्हणून पहिलं काम कागदाचं. तुमच्या चिठ्ठीवर जितकी औषधं आहेत, त्या प्रत्येकापुढे डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: हे कशासाठी, फरक कधी दिसायला हवा, आणि दिसला नाही तर पुढे काय. ओपीडीत गर्दी असते, विचारायला संकोच वाटतो, हे मान्य. पण पाच वर्षं चालू शकणाऱ्या औषधासाठी पाच मिनिटं मागण्यात गैर काही नाही.

सुरू करण्याआधी

निदान पक्कं आहे का, हे आधी पाहा. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही पाया मानले जातात. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशांचं विशिष्ट रूप, या तिनांपैकी दोन गोष्टी हव्यात. त्याआधी थायरॉइडचा बिघाड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) असली दुसरी कारणं तपासून बाजूला काढायची असतात. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. किशोरवयीन मुलींची गोष्ट वेगळी. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण त्या वयात बीजांडकोश तसे दिसणं सर्रास असतं. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात केवळ सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून वर्षभराच्या गोळ्या पडत असतील, तर दुसरं मत जरूर घ्या.

संप्रेरकांच्या रक्ततपासण्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी करून घ्या. संयुक्त गोळी (ती कोणती ते पुढे येतंच) चालू असताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा आकडा भरवशाचा राहत नाही. तो नंतर पाहायचा झाला तर साधारण तीन महिने गोळी थांबवावी लागते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. त्याने थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे फसवे येऊ शकतात.

संयुक्त गोळी

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरकं असलेली गोळी म्हणजे संयुक्त गोळी, अर्थात कुटुंबनियोजनाचीच. मूल इतक्यात नको असेल आणि पाळी, मुरुमं, लव असे त्रास असतील, तर पहिली निवड बहुधा हीच असते. इस्ट्रोजेनमुळे यकृतात एक प्रथिन जास्त तयार होतं. ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं आणि त्वचेपर्यंत पोचणारा त्याचा जोर कमी होतो. प्रोजेस्टोजेन गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ देत नाही.

कोणती गोळी, हा प्रश्न मेडिकलच्या बिलावरूनही ठरतो, म्हणून थोडं सविस्तर. आपल्याकडे सायप्रोटेरॉन (हे प्रोजेस्टोजेन) आणि ३५ मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल (हे इस्ट्रोजेन) असलेली गोळी सरसकट लिहिली जाते. आंतरराष्ट्रीय सूचना तिला पहिल्या पसंतीची मानत नाहीत, कारण रक्तात गुठळी होण्याचा धोका तुलनेने जास्त. मुरुमं किंवा लव फार असेल तर तिला जागा आहे, पण ‘कमी ताकदीच्या गोळीने भागेल का’ हा प्रश्न जरूर विचारावा. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असतं. पीसीओएससाठी अमुकच संयुक्त गोळी सरस, असं कोणीही ठामपणे सिद्ध केलेलं नाही. महागडं पाकीट परवडत नाही म्हणून उपचारच सोडणाऱ्या बाईला ही माहिती उपयोगाची आहे, आणि ती तिला क्वचितच कोणी देतं.

ही गोळी कोणी घेऊ नये, ते नीट वाचा. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकून मग अर्धशिशी उठत असेल. रक्तदाब वाढलेला असेल. वय ३५च्या पुढे आणि सिगारेटची सवय असेल. यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल. नुकतंच बाळंतपण झालं असेल. यातलं काहीही असलं तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा. जवळच्या नातेवाइकाला कमी वयात गुठळी झाली असेल तर तेही. गोळी सुरू होण्याआधी रक्तदाब मोजलाच पाहिजे. यंत्र बाजूला ठेवून चिठ्ठी लिहिली जात असेल तर हात पुढे करून ‘आधी बीपी बघा’ म्हणा.

धोका नेमका किती? गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पिरेनॉन हे दुसरं प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीवर ९ ते १२ जणींना. गरोदरपणात हा धोका याहूनही जास्त असतो. आकडे घाबरवणारे नाहीत, पण खुणा पाठ असाव्यात. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, कधी नव्हे अशी डोकेदुखी, दिसण्यात किंवा बोलण्यात एकाएकी बिघाड, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं आणि ‘मी संप्रेरकांची गोळी घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला आधीच कल्पना द्या. गोळी साधारण चार आठवडे आधी थांबवायला सांगतात.

सुरुवात पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत करतात. पाळीच येत नसेल तर गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह आल्यावर कधीही सुरू करता येते, मात्र गर्भनिरोधक म्हणूनही तिच्यावर विसंबायचं असेल तर पहिले सात दिवस निरोध वापरा. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग दिसतात, स्तन दुखतात. पुष्कळ जणी नेमक्या याच काळात गोळी सोडतात. थोडा धीर धरला तर बहुतेकींचा हा त्रास ओसरतो. मन सतत उदास राहू लागलं तर मात्र धीर धरत बसू नका, लगेच सांगा.

एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा जास्त विसरल्या तर शेवटची विसरलेली एकच घ्या, पाकीट पुढे चालू ठेवा आणि सलग सात दिवस निरोध वापरा. पाकिटाच्या पहिल्या किंवा शेवटच्या आठवड्यात असं झालं तर डॉक्टरांना फोन करा. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या.

टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखी औषधं या गोळीचा असर कमी करतात. सर्दी-खोकल्यासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही, त्यामुळे उगाच पाकीट अर्ध्यावर टाकू नका.

गोळीवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी ‘सुधारली’ याचा पुरावा नव्हे. सात दिवस संप्रेरक थांबतं म्हणून तो येतो. त्यातच एक सोयही आहे: गौरी-गणपतीत किंवा परीक्षेच्या दिवसांत पाळी नको असेल, तर २१ गोळ्या संपल्यावर खंड न पाडता सरळ पुढचं पाकीट सुरू करता येतं (माला-एनच्या शेवटच्या सात गडद गोळ्या लोहाच्या असतात, त्या तेवढ्या वगळायच्या). सणासाठी मेडिकलमधून परस्पर नॉरएथिस्टेरॉन (पाळी पुढे ढकलायची गोळी) आणण्याची गरज नाही. शिवाय त्या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे ज्यांना संयुक्त गोळी वर्ज्य आहे त्यांनी विचारल्याशिवाय तेही घेऊ नये.

फक्त पाळी आणणाऱ्या गोळ्या

रोज गोळी नको किंवा चालत नाही, अशांसाठी प्रोजेस्टोजेनचा छोटा कोर्स असतो, बहुधा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम, रोज एक, १० ते १४ दिवस. संपल्यावर आठवड्याभरात रक्तस्राव होतो. तो का आणायचा? ९० दिवसांहून जास्त काळ पाळी आली नाही तर इस्ट्रोजेनच्या एकतर्फी माऱ्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि अशी वर्षं गेली की अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात हा कर्करोग मुळात विरळा आहे, म्हणून दर महिन्याला पाळी ‘आणण्याचा’ हट्ट नको. दर तीन महिन्यांनी एकदा अस्तर साफ झालं तरी पुरतं.

या कोर्सने मुरुमं किंवा लव जात नाही आणि तो गर्भनिरोधकही नाही. कोर्सनंतरही पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची चाचणी, मग डॉक्टर. पाळीचा त्रासच नको असेल आणि अस्तराचं रक्षण हवं असेल, तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी कॉपर-टीसारखी साधनंही गर्भाशयात बसवता येतात, काही वर्षं काम होतं.

मेटफॉर्मिन

घरात हिच्यावरून सर्वांत जास्त वाद होतात. ‘शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ असा आईचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. पीसीओएस असलेल्या अनेकींच्या शरीरात इन्सुलिन पुरेसं परिणाम करत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं आणि जास्तीचं इन्सुलिन बीजांडकोशाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. मेटफॉर्मिन ही साखळी सैल करते. वजन जास्त असणाऱ्यांना, साखर काठावर असणाऱ्यांना तिचा फायदा जास्त. लवेवर ती फारशी चालत नाही, आणि ‘बारीक होण्याची गोळी’ म्हणून घेतली तर निराशाच पदरी येते.

पोट बिघडतं म्हणून ही गोळी सोडणाऱ्या खूप आहेत. बहुतेक वेळा दोष डोस भरभर वाढवण्याचा असतो. ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणाबरोबर, उपाशी पोटी नव्हे तर जेवतानाच, एक-दोन आठवडे. पोट स्थिरावलं की आणखी ५००. असं करत दिवसाला १५०० ते २००० पर्यंत जातात. प्रौढांसाठी २५०० आणि किशोरवयीन मुलींसाठी २००० ही वरची मर्यादा आहे. एखाद्या पायरीवर जुलाब झाले तर मागच्या पायरीवर या, गोळीच फेकून देऊ नका. सावकाश विरघळणारी गोळी पोटाला सोसते, पण ती तोडायची किंवा चावायची नाही. शौचात कधी गोळीचं रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.

एकट्या मेटफॉर्मिनने सहसा साखर एकदम खाली जात नाही, त्यामुळे चतुर्थीला किंवा नवरात्रात ती बंद करण्याचं कारण नाही. जे एक जेवण होतं त्याबरोबर घ्या. रोजा असेल तर सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांशी ठरवून घ्या. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचे पापड हा मात्र इन्सुलिनला दिलेला खरा ताप आहे. वरईचा भात, दाण्याची आमटी, ताक हे त्यातल्या त्यात बरं.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर बी-१२ कमी होतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं. पायांना मुंग्या, थकवा, जिभेची आग अशी लक्षणं दिसली तर तपासणी करा, न दिसली तरी वर्षातून एकदा केलेली बरी. मूत्रपिंडाचं काम पाहायला क्रिएटिनिनही तपासतात. जोराच्या उलट्या-जुलाबांत, शरीर कोरडं पडलं असताना ही गोळी तात्पुरती थांबवायची असते. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन होणार असेल तर आधी सांगायचं.

आणखी एक गोष्ट, जी राहून जाते. मेटफॉर्मिनने बीज बाहेर पडणं पुन्हा सुरू होऊ शकतं. ‘मला पीसीओडी आहे, मला कुठे दिवस राहणार’ या भरवशावर राहू नका. मूल नको असेल तर गर्भनिरोधक हवंच.

लव, मुरुमं आणि गळणारे केस

केसाचं चक्र संथ असतं. संयुक्त गोळीचा लवेवरचा परिणाम सहा महिन्यांआधी मोजूच नये. तोवर थ्रेडिंग, वॅक्सिंग, परवडलं तर लेझर हे खुशाल चालू द्या, त्याने औषधात काही बिघडत नाही. हनुवटीचा फोटो दर दोन महिन्यांनी एकाच उजेडात काढून ठेवा. आरसा रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

सहा महिन्यांनी समाधान नसेल तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात, साधारण २५ ते १०० मिलिग्रॅम. मुळात हे लघवी वाढवणारं, रक्तदाबाचं औषध. गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून खात्रीच्या गर्भनिरोधकाशिवाय ते घ्यायचंच नाही. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर पोटॅशियम तपासावं लागतं. लवेसाठी कधीकधी दिल्या जाणाऱ्या फ्लुटामाइडने यकृताला इजा होऊ शकते. ते नाव चिठ्ठीवर दिसलं तर दुसरा पर्याय आहे का ते विचारा.

मूल हवं असेल तेव्हा

संयुक्त गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने वंध्यत्व येत नाही. हा समज इतका घट्ट आहे की लग्न ठरलं की पहिल्यांदा गोळ्या बंद होतात, आणि मग लग्नाच्या फोटोंत मुरुमं उठतात. स्पायरोनोलॅक्टोन मात्र आधी थांबवायलाच हवं, आणि वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर ते किमान दोन महिने आधी. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा.

बीज बाहेर पडण्यासाठी आज लेट्रोझोल ही पहिली निवड आहे, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस. हे मूळचं स्तनाच्या कर्करोगाचं औषध. भारतात वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. जुन्या बातम्या वाचून अजून कोणी घाबरवलं तर एवढं सांगा. मैत्रिणीची उरलेली पट्टी मात्र घेऊ नका, सोनोग्राफीवर नजर ठेवूनच हे औषध द्यायचं असतं.

पावडरी आणि काढे

इनोसिटॉलची पाकिटं हल्ली प्रत्येक चिठ्ठीवर दिसतात. त्याने मोठा अपाय होत नाही, पण फायद्याचा पुरावाही तोकडा आहे. महिन्याचा औषधांचा खर्च झेपत नसेल तर आधी कात्री इथे लावा, मेटफॉर्मिनला नाही. ती जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते. घटक न छापलेल्या, ‘पाळी मोकळी करणाऱ्या’ पुड्यांपासून दूर राहा. आत काय आहे तेच माहीत नसेल तर यकृताला त्रास झाल्यावर डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही.

काय तपासायचं, काय नाही

संयुक्त गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी रक्तदाब, पुढे वर्षातून किमान एकदा. वजन आणि कंबर मोजत राहा. आपल्या बांध्याच्या स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढची कंबर ही धोक्याची खूण मानतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली चाचणी दर एक ते तीन वर्षांनी करावी. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेत सुरुवातीचा बिघाड निसटतो, आणि रक्तक्षय (अॅनिमिया) असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा फसवतो. कोलेस्टेरॉल सुरुवातीला एकदा, मग गरजेनुसार. झोप, चिडचिड, उदासी यांबद्दल डॉक्टरांनी विचारायला हवं. नाही विचारलं तर तुम्ही काढा विषय. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात.

दर सहा महिन्यांनी ‘सिस्ट गेल्या का’ हे बघायला सोनोग्राफी करणं मात्र बहुतेक वेळा पैशाचा अपव्यय. त्या गाठी नसतात, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. त्यांची संख्या कमी करणं हे उपचाराचं उद्दिष्टच नाही.

थांबणं

‘शरीराला विश्रांती’ म्हणून संयुक्त गोळी दर सहा महिन्यांनी दोन महिने बंद करण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. तिला आधार नाही. उलट गुठळीचा धोका गोळी नव्याने किंवा मोठ्या खंडानंतर सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणजे दर खंडागणिक तोच जोखमीचा काळ पुन्हा ओढवून घेतला जातो. गोळी सोसत असेल आणि तिचं कारण टिकून असेल तर सलग चालू ठेवावी.

बंद करून पाहायला योग्य वेळा वेगळ्या आहेत: मूल हवं असेल, वजन बरंच उतरलं असेल, पस्तिशीनंतर नवा धोका उभा राहिला असेल, किंवा चाळिशीकडे जाताना पाळी आपोआप नियमित होतेय का ते तपासायचं असेल. वयाबरोबर अनेकींची पाळी सुधारते, साखरेचा धोका मात्र तसाच राहतो. तेव्हा संयुक्त गोळी सुटली तरी मेटफॉर्मिन आपोआप सुटत नाही, तिचा निर्णय वेगळा घ्यायचा.

पाकीट पूर्ण संपवून थांबा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. पहिली पाळी यायला दोन-तीन महिने लागू शकतात. मुरुमं आणि लव हळूहळू परत येऊ शकतात, त्याची मनाची तयारी ठेवा. ९० दिवस उलटूनही पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची चाचणी करा. ती निगेटिव्ह असेल तर तीच चिठ्ठी आणि तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. जुनं पाकीट काढून स्वतःहून पुन्हा सुरू करू नका, मधल्या काळात रक्तदाब किंवा वजन बदललेलं असू शकतं.